उंबरांचा नकाशा

पहाटे पाचला स्कूटर काढतो,
पायाशी दोन बादल्या, सीटखाली जुनी साडी.
हे शहर मला रस्त्यांनी आठवत नाही आता,
उंबरांनी आठवतं.
विठ्ठलवाडीला नदीलगत एक, खोडालाच लगडलेला.
एरंडवण्यात बंद बंगल्याच्या आवारात एक;
तिथला वॉचमन बसाप्पा आधी हाकलायचा,
आता स्वतःच साडी अंथरून देतो.
औंधात उतारावर एक नांद्रुक.
आणि संगमवाडीचा, जो फेब्रुवारीत रस्तारुंदीत गेला.
तिथून जाताना अजून ब्रेक लागतो.

सगळं एका पक्ष्यासाठी.
वहीत तो गरुड धनेश, नर, डावा पंख अधू.
गोठणकर त्याला ककणेर म्हणतात,
त्यांच्या दोडामार्गाकडच्या घरात तेच नाव.
हायवेवर टेम्पोत सापडला, कांद्याच्या गोणीत,
चोच तेवढी बाहेर,
हळदीत बुडवलेल्या कोयत्यासारखी.
ती हळद तो स्वतःच लावतो, शेपटीच्या बुडाशी चोच घासून,
रोज सकाळी,
कुठे जायचं नसलं तरी.

त्याचं जंगल मी पाहिलेलं नाही.
गोठणकर सांगतात तेवढंच:
भर दुपारी कंदील लागावा अशी झाडी,
साठ-सत्तर हात वर ढोली,
मादी आत शिरते आणि दार लिंपून घेते आतून,
बोटभर खाच ठेवते.
नर बाहेर.
रानजायफळ, धुपाची फळं, उंबरं,
गळ्यात साठवून आणतो
आणि खाचेपाशी एकेक वर काढतो,
जपमाळ ओढावी तसा.
तो वाटेत मेला की आतली उपाशी.
एवढं सांगून गोठणकर तंबाखू मळायला लागतात.

इथे खायला कमी नाही.
मार्केट यार्डातली पपई, हंगामात पुरंदरचं अंजीर,
उकडलेलं अंडं, मंगळवारी उंदीर.
पण उंबर दिलं की बघावं:
चोचीच्या टोकाला धरतो,
हलकेच उडवतो,
झेलतो थेट घशात.
जीभ आखूड असते, म्हणून, असं नेर्लेकर मॅडम सांगतात.
असेल.
मला ते जरा मजेत केल्यासारखं वाटतं.

मार्चात त्याचं वजन उतरायला लागलं.
घसा तपासला, विष्ठा तपासली, काही नाही.
बादली मात्र रिकामी व्हायची.

एका सकाळी कोठीत पपई चिरत होतो.
कोठीची आणि पिंजऱ्याची भिंत एकच,
जुना पाइप काढला तिथे बोटभर भोक.
खाली पोत्यांवर उंबरांचा सडा, सुकलेला, काही ताजी.
घुशी, असं म्हणेपर्यंत
भोकातून चोचीचं टोक आत आलं.
एक उंबर. ओलं, अखंड.
थांबलं तसंच.

मी हात पुढे केला. काय करणार?

त्यानं ठेवलं.
मागे सरला, मान झटकली,
दुसरं आणलं.
बाविसापर्यंत मोजली मी, मग मोजली नाहीत.

गोठणकर म्हणाले, बुजव ते. मरेल नाहीतर.
थापी सापडली नाही.
हातानंच लिंपलं, आतून,
सिमेंट नखात गेलं.
पलीकडे तो ऐकत होता की नाही, माहीत नाही.
दोन दिवस टक टक चालली,
तिसऱ्या दिवशी एक उंबर उडवलं त्यानं
आणि स्वतःच गिळलं.
मॅडमनी लिहिलं, आहार पूर्ववत.

जूनमध्ये पोती हलवली.
भिंतीच्या बुडाशी, ओलीत, फटीतून
तीन रोपं, बोटाएवढी.
पोती होती तशीच परत लावली आहेत,
थोडी पुढे, वारा लागेल एवढी.
गोठणकरांना सांगितलेलं नाही.
ते उपटतील;
उंबर भिंत फोडतो.